नवसा वकिलाचा अर्ज

नंदुरबारच्या स्टेशनात मी उतरलो तो शिंकतच. पगडी दोनदा घसरली. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर (मिरच्या वाळवायच्या मोकळ्या जागा) लालभडक मिरच्या पसरल्या होत्या आणि वारा नेमका आमच्या दिशेनं होता. टांगेवाल्याला माझी दया आली. "मिरचीना वास शे, रावसाहेब. दोन दिनमा सवय हुई जाई," तो म्हणाला. इथे दोन दिवस राहायचं कुणाच्या मनात होतं? मला एक नकार पोहोचवून परतायचं होतं.

नकार कसला ते सांगतो. आम्ही वकील, पण कोर्टातले नव्हे. संस्थानिकाचा निरोप सरकारदरबारी न्यायचा आणि तिथलं उत्तर आणायचं, हा आमचा जन्माचा पेशा. गादीवर नवा राजा आला की जुन्या वकिलाला एका दिवसात घरी बसवीत. म्हणून आम्ही पुण्यात वकील मंडळ काढलं आणि भांडून एवढं पदरात पाडून घेतलं, की संस्थानांवर देखरेख करणाऱ्या इंग्रज साहेबानं मंडळाच्या सभासदाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला काढायचं नाही. मी त्या मंडळाचा चिटणीस. सातपुड्यातल्या एका चिमुकल्या संस्थानाचा वकील नवसा यानं, मला सभासद करून घ्या, असं तोंडी कळवलं होतं. त्याला लिहिता येत नव्हतं. आमचा नियम मात्र असा की अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात हवा. मंडळानं मला समक्ष पाहून यायला सांगितलं होतं. मी आपला हुशार, नकाराचा मसुदा सुरतेच्या वेटिंगरूममध्येच करून खिशात घातला.

सर्व्हिस मोटारीनं हाडं खिळखिळी केली. तापी नावेतून ओलांडली आणि तळोद्याला पोहोचलो. तिथे नवसा बैलगाडी घेऊन उभा होता. साठीचा, अनवाणी, डोक्याला पांढरं मुंडासं. डोंगरात सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तसं त्यानं मलाही म्हटलं. वीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. आधी राग आला, मग गंमत वाटली.

वाटेत त्यानं सगळं सांगितलं. आजोबा, बाप आणि तो, तिघांनी राजाचे निरोप धुळ्याला साहेबाकडे नेले. आता तरुण राजे शिकून आले आहेत, त्यांनी कारकून ठेवला आहे. होळीपासून सगळं टपालानं जायचं आणि नवसानं घरी बसायचं. होळीला महिनाही उरला नव्हता. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, बैलांकडे पाहत होता. माझा हात उगीचच खिशाकडे गेला.

एका पाड्याशी (डोंगरातली लहान वस्ती) पाय मोकळे करायला मी उतरलो आणि घोटाळा करून बसलो. ज्वारीची रास रचलेल्या खळ्यात बूट घालून शिरलो. धान्याची पूजा झालेलं खळं ते! पाड्याच्या कारभाऱ्यानं (गावचा म्होरक्या) गाडी अडवली. मी मऊपणानं घ्यायचं सोडून पगडी सावरली आणि गरजलो, "मी कोण आहे, ठाऊक आहे का तुला?" वकिली शिकवणाऱ्या माझ्या गुरूंनी हे ऐकलं असतं तर कान उपटले असते.

नवसा मधे उभा राहिला. त्यानं आधी कारभाऱ्याचं गाऱ्हाणं जसंच्या तसं, मला दिलेल्या शिव्यांसकट, कारभाऱ्यालाच म्हणून दाखवलं आणि थांबला. कारभारी "हाव" (हो) म्हणाला. मग नवसानं माझं वाक्य माझ्याच तोऱ्यात म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. सगळा पाडा हसला. मला हो म्हणावंच लागलं, आणि हो म्हणताना स्वतःचीच लाज वाटली. मी बूट काढले, खळं झाडलं, हात जोडले. तासाभरानं त्याच कारभाऱ्याच्या ओट्यावर मी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खात होतो. भाजी अशी झणझणीत की नाकातोंडातून पाणी आलं, पण मागून घेतली.

नवसाला विचारलं, ही काय रीत? तो म्हणाला, "पहिले त्यानं बोलणं त्याले सांगानं. तो हाव म्हने, मंग आपलं." (आधी त्याचं बोलणं त्याला सांगायचं. तो हो म्हणाला की मग आपलं.)

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात मी नकार वाचून दाखवला. वळणदार भाषेबद्दल माझं नाव आहे. 'नियमांच्या मर्यादेमुळे निरुपाय', 'आपल्या सेवेविषयी नितांत आदर' वगैरे. नवसानं डोळे मिटून ऐकलं. मग पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं परत म्हटलं. त्याच्या तोंडून ते फार पोकळ ऐकू आलं. शेवटी शांतपणे विचारलं, "हाई तुन्हं बोलणं शे?" (हे तुझं बोलणं आहे?)

माझ्या तोंडून हो निघेना. मी मसुदा फाडला. "नाही," म्हटलं, "माझं नाही हे. तुझा अर्ज सांग, मी नेतो."

त्यानं सांगितलं. मी परत म्हणताना तीनदा चुकलो, तिन्ही वेळा त्यानं धरलं. चौथ्यांदा "हाव" म्हणाला.

पुण्याला मंडळाची बैठक भरली. अध्यक्षांनी अर्ज मागितला. मी रिकाम्या हातानं उभा राहिलो आणि आधी त्यांचीच हरकत त्यांना सांगितली: निरक्षराला घेतलं तर मंडळाचं हसं होईल, मोठी संस्थानं आपल्याला मोजणार नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "बरोबर." मग मी नवसाचं म्हटलं:

"मी आजपावत मनना एक शबद टाका नही, दुसराना एक शबद खादा नही. कागद ई ऱ्हायना, येऊ द्या. पन कागद माघारी पूसत नही, मी बराबर ऐकं का."

(मी आजवर मनाचा एक शब्द घातला नाही, दुसऱ्याचा एक शब्द गाळला नाही. कागद येतो आहे, येऊ द्या. पण कागद परत विचारत नाही, मी बरोबर ऐकलं का.)

आम्ही सगळेच जन्मभर दुसऱ्यांचे शब्द गुळगुळीत करत आलेलो. मग अध्यक्षांनी सभासदांचं पुस्तक ओढलं आणि नवसाचं नाव आपल्या हातानं लिहिलं. आता साहेबानं त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय राजांना त्याला काढता यायचं नाही. ठराव टपालानं धाडून द्या, असं कुणीसं सुचवलं. मी नको म्हटलं.

उद्या पुन्हा नंदुरबारला निघतो आहे, होळीच्या आत पोहोचेन. शिंका येतील त्या येवोत. ठराव तोंडपाठ केला आहे. नवसा तो परत म्हणेल आणि विचारील, हे तुझं बोलणं का? या खेपेला मला हो म्हणता येईल.