मानेवरचा टॉवेल

माझ्या साडूंपुढे कोणताही बेत मांडा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आणि काहीच केलं नाही तर?" माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, एकदा घरात फर्मान काढले की जेवताना वर्तमानपत्र वाचायचे नाही. या गृहस्थाने तीन दिवस वाचत आणि तीन दिवस न वाचता जेवून घड्याळ लावले. न वाचता जेवण लवकर आटोपते, पण भांडण जेवणानंतरही चालू राहते, असा निष्कर्ष त्यांनी लेखी दिला. ताईंनी तो कागद डब्यांच्या फळीवर अंथरला.

ही नुसती खोड नव्हे, पोटापाण्याचा धंदा. सरकारला नवा नियम करायचा असला की त्याचा मसुदा आधी साडूंच्या टेबलावर येतो. नियम लागू झाला तर कोणाचे काय होईल, हे यांनी शोधायचे. कचेरीत त्यांचे नाव पडले आहे 'थांबा-जरा'. मीही वर्षानुवर्षे त्यांची टिंगल करत आलो. माझ्या मिशांनी मला सुधारले.

झाले असे, की सलूनांसाठी एक मसुदा निघाला. लोकांच्या कातडीला चट्टे उठत होते, म्हणून दर गिऱ्हाइकानंतर कात्री-कंगवा वीस मिनिटे उकळायचा. हत्यार जमिनीवर पडले तर पुन्हा वीस मिनिटे. शेवटी लिहिले होते, 'दुकानांवर परिणाम : नगण्य.'

"नगण्य म्हणे!" साडू मला म्हणाले. "ज्याने हे लिहिलं त्याने कात्री कधी उकळलीय का? तुमच्या सलूनवाल्याला विचारा, एक दिवस उकळून बघेल का."

सलूनवाल्याचे दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि तिघांचे बाकडे, त्यावर नेहमी चौघे. तो तयार झाला, पण साडूंकडे त्याने असे पाहिले जसे भाडेकरू घरमालकाच्या वकिलाकडे पाहतो. कोपऱ्यात स्टोव्ह पेटला. साडू बाकड्यावर वही आणि घड्याळ घेऊन बसले.

"पाणी उकळायला सहा मिनिटं," ते लिहीत होते. "मग वीस. कात्री हातात धरण्याइतकी गार व्हायला आठ."

"आणि केस कापायला पंचवीस," सलूनवाला म्हणाला. "म्हणजे एका डोक्याला एक तास. माझी दिवसाला वीस-बावीस डोकी होतात, साहेब. दहा झाली तर दुकानाला कुलूप. घरी पाच खाणारी तोंडं आहेत."

"दुसरी कात्री घेतली तर?"

"ती हाताला बसत नाही. कुणाचा कान उडाला तर तो तुमच्या वहीत लिहा."

दुपारपर्यंत सहा जण वैतागून निघून गेले. मग माझी पाळी आली. डाव्या मिशीला आकार आला, आणि उजवीला हात घालणार तोच कात्री निसटून खाली पडली.

"पुन्हा उकळा," साडू शांतपणे म्हणाले.

"अहो साडूबुवा, अर्धीच मिशी झालीय!"

"म्हणूनच तर बसा. नियम तुमच्यासाठीच आहे."

चौतीस मिनिटे! अर्ध्या मिशीने आरशासमोर बसून पाहा, सरकार म्हणजे काय ते कळते. बाकड्यावरचे लोक माझ्याकडे पाहून छताकडे पाहू लागले. साडू मात्र माझ्या गळ्याकडे टक लावून बसले होते. मग त्यांनी पिशवीतून चट्ट्यांबद्दल दवाखान्यांनी पाठवलेली पत्रे काढली आणि एकेक वाचू लागले.

"मान. मान. मान. कानामागे. पुन्हा मान," ते पुटपुटले. मग सलूनवाल्याला विचारले, "हा यांच्या मानेभोवतीचा टॉवेल सकाळपासून कितवा?"

"कितवा म्हणजे? हाच की. रात्री धुतो ना मी रोज."

माझ्या मानेला त्याच क्षणी खाज सुटली. सकाळपासून किती माना त्या टॉवेलात येऊन गेल्या होत्या! तज्ज्ञ कात्री उकळत बसले होते, आणि उपद्रव माझ्या गळ्यात पडला होता. इतकी वर्षे मी त्याच खुर्चीत बसतो, मला तो कधी दिसला नाही.

आठवड्याने मी साडूंच्या कचेरीत गेलो. कपाटामागची एवढीशी खोली, एक पाय डुगडुगणारे टेबल. त्यांनी शहरात आणखी अकरा सलूने पाहिली होती. नऊ ठिकाणी टॉवेलाची तीच गत. समोर एकच पान होते. उकळण्याची ओळ खोडलेली. तिच्या जागी, दर माणसाला धुतलेला टॉवेल, आणि कात्री जंतुनाशकाने पुसायची.

"एवढ्या एका ओळीसाठी आठवडा?" मी विचारले.

"देशात अशा खुर्च्या चाळीस लाख. इथे एक मिनिट चुकलं, तर ते चाळीस लाख खुर्च्यांवर चुकतं. दर डोक्यामागे, रोज."

मी त्या पानाकडे पाहत राहिलो. कुठल्या कुठल्या गल्ल्यांतली, मी जन्मात न पाहिलेली दुकाने, तिथली बाकडी, ती पाच-पाच तोंडे, सगळी त्या डुगडुगत्या टेबलावर येऊन श्वास रोखून बसली आहेत असे वाटले. आणि त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. मी नकळत टेबलाचा पाय धरला.

नियम तसाच निघाला. पुढच्या महिन्यात आम्ही दोघे सलूनमध्ये गेलो. दोरीवर पंचवीस टॉवेल वाळत होते. सलूनवाल्याने साडूंना ओळखले.

"या साहेब! तुम्ही तर मला कात्री उकळत बसवून उपाशी मारणार होतात. वर कुणीतरी शहाणा माणूस बसलाय, म्हणून वाचलो!"

मी तोंड उघडले. साडूंनी माझ्या पायावर पाय दिला.

"हो," ते खुर्चीत बसत म्हणाले, "असतो कुणीतरी." आणि धुतलेला टॉवेल घेण्यासाठी त्यांनी मान पुढे केली.