न धुतलेल्या सहा ओळी

गेल्या भाऊबिजेनंतरच्या सोमवारी पर्यवेक्षकांनी माणदेशातल्या आपल्या गावच्या ग्रामपंचायतीला दिलेलं पत्र लेखी मागे घेतलं. नोकरीभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घेतलेल्या या माणसाने त्या दिवशी स्वतःचा आकडा चुकीचा ठरवला.

पनवेलजवळ करंजाड्याच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर, मुलाकडे राहत. शेतीखात्यात पर्यवेक्षक असताना शेतात चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं आणि त्यावरून गावाचा उतारा ठरवायचा, हे त्यांचं काम. कुठलीही बातमी ऐकली की ते विचारत, “कोणी पाहिलं?” भाजीवाल्याच्या काट्यावर आधी पिशवीतलं स्वतःचं किलोचं वजन ठेवत. एकदा तो वैतागून म्हणाला, “काका, पोलीसमध्ये होता काय?”

“नाही. पोलीस लगेच विश्वास ठेवतात.”

बाल्कनीत त्यांनी धूळ पाहण्यासाठी स्टीलच्या तीन ताटल्या मांडल्या होत्या. समोर टॉवरचं काम चालू होतं. सूनबाईंनी त्या दोनदा घासून ठेवल्या. “बाबा, किती टेन्शन घेता धुळीचं!” असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांनी भिंतीवर कागद चिकटवला : ‘हात लावू नये.’ गावाकडे मात्र असा कागद लावायचं त्यांना सुचलं नाही.

गावाकडे थोरल्या भावामागे वहिनीच शेत करत. शेताला लागून खडी क्रशर आला आणि शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, उतारा घटला. मालक म्हणे, पाऊस नाही, थंडी नाही, धुळीला कशाला दोष? पर्यवेक्षकांना मालकाचाही संशय होता आणि हवामानाचाही. “शाळू थंडीवर आणि दवावर जगतो. पण त्याच दवात धूळ कालवली की पानावर लेप बसतो. मग पान ऊन खाणार कसं?” दोन्हींचा हिशेब वेगळा काढायला त्यांनी एकाच तुकड्यात, शेजारी शेजारी बारा ओळी निवडल्या. जमीन तीच, थंडी तीच. सहा ओळी पाठीवरच्या पंपाने दर पंधरवड्याला धुवायच्या, सहा तशाच ठेवायच्या. त्यासाठी ते पनवेलहून एसटीने जात.

काढणीला दोन्हीकडचं धान्य सारखंच भरलं. काटा तीनदा तपासला. वजन त्यांचंच होतं. त्यांनी ग्रामपंचायतीला लिहून दिलं की धुळीने उतारा घटल्याचं दिसत नाही. ग्रामसभेत ते पत्र वाचलं गेलं. दुसऱ्या क्रशरला ना हरकत मिळाली आणि पावसाळा सरताच तो सुरू झाला.

भाऊबिजेला ते गावी गेले. जेवताना म्हणाले, “वहिनी, शाळूची ती न धुतलेली ताटंसुद्धा चांगली भरली होती.”

वहिनींनी वाढता हात थांबवला. “न धुतलेली कुठली, भावजी? तुमी गेलात की मी फडक्यानं पुसत हुते की.”

“कशाला?”

“निम्मी पोरं न्हाऊ घालायची अन् निम्मी तशीच मळकी ठेवायची व्हय? मला न्हाई बघवलं.”

“पाणी?”

“टँकरचं. प्यायच्यातलं.”

पर्यवेक्षकांनी विचारलं, “कोणी पाहिलं?” वहिनी म्हणाल्या, “कुनी न्हाई. म्हनून तर पुसलं.”

हे त्यांनी मला करंजाड्याला परतल्यावर सांगितलं. वहिनींना ते रागाने एक शब्दही बोलले नव्हते. “चूक माझी. मी क्रशरवाल्याचा संशय घेतला, काट्याचा घेतला, माझ्या डोळ्यांचा घेतला. माया मोजायची राहिली.” मी लिहितो हे ठाऊक असल्याने पुढे म्हणाले, “हे छापू नका. अजून सिद्ध झालेलं नाही.”

या हंगामाच्या उभ्या पिकात त्यांनी पुन्हा बारा ओळी निवडल्या, न धुवायच्या सहा ओळींना लाल सुतळी बांधली आणि वहिनींना एवढंच सांगितलं, “या मळू द्या.” पौषात करंजाड्याच्या घरी ते वारले. दिवसकार्य उरकून वहिनी गावी परत गेल्या. धुवायच्या ओळी त्यांनी ठरल्या दिवशी पंपाने धुतल्या. सुतळीच्या ओळींशेजारून जाताना त्या पदर तोंडावर घेत आणि पलीकडे पाहत, असं त्यांनी मला सांगितलं. हे दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही.

माघ संपताना काढणी झाली. तोलाला मी हजर होतो. काट्यावर आधी पर्यवेक्षकांचं किलोचं वजन ठेवलं, ते बरोबर भरलं. थंडी कमी पडल्यामुळे दोन्हीकडचं धान्य गेल्या वर्षीपेक्षा कमी होतं. सुतळीच्या ओळींचं तर धुतलेल्यांहूनही कमी भरलं. तोलाच्या कागदावर साक्षीदार म्हणून पहिली सही वहिनींची आहे, दुसरी माझी. तो ग्रामपंचायतीला दिला, तिने पोच दिली. दोन्ही क्रशर चालू आहेत.