आधी हात, मग पाय

बँडमास्तर माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, पायांकडे बघून बोलत. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझी चप्पल तुटली की काय. भाईंदरच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आम्ही एकाच बाकावर बसलो होतो, ते खांद्यासाठी आणि मी पायांसाठी. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल गळ्यात अडकवून चालल्यामुळे त्यांचा एक खांदा उतरला होता. माझं नाव पुकारलं तशी मी उठले आणि आतल्या खोलीच्या दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले. मागून मास्तर म्हणाले, "पाय चांगले हायत. निघायचं तेवढं विसरतात."

मला कंपवात आहे. डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात, बिल्डिंगमधल्या बायका हळू आवाजात 'ते हात हलायचं' म्हणतात. हात थरथरू लागला तेव्हा ब्लाऊज शिवणं सुटलं. आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ होती, पण सुईत दोरा जाईना. तेही मी पचवलं. पुढे मात्र दार आलं की पाय थांबायला लागले. लिफ्टचं दार असो की मोरीचं, अंग पुढे जायचं आणि पाय मागेच राहायचे. एक-दोनदा पडलेसुद्धा. तेव्हा नीलेश, माझा मुलगा, पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, आता परत पडलीस तर हे घर बंद. तू माझ्याकडे यायचं." पोरगं काळजीनंच बोललं. पण नवरा गेल्यावर शिवणयंत्राच्या जोरावर मी ते घर टिकवलं होतं. मला धडकीच भरली.

दवाखान्यातल्या मॅडमनी एक सुचवलं. गोळ्या आणि व्यायाम चालूच ठेवायचे, पण जोडीला ठेक्याचं एखादं वाद्य शिकायचं. हाताला ठेका सापडला की या आजारात काहींचे पाय सुटतात, म्हणाल्या. आणि बाकावरच्या मास्तरांशी त्यांनीच माझी गाठ घालून दिली. मास्तरांनी माझ्या पायांना विचारल्यासारखं विचारलं, "तारोडीला याल?"

तारोडी हे भाईंदरजवळचं त्यांचं ख्रिस्ती वस्तीचं गाव. तिथं त्यांच्या अंगणात नारळाच्या सावलीत आमची शाळा भरायची. मास्तर शब्दांच्या बाबतीत कंजूष. पहिल्या दिवशी त्यांनी ढोल दाखवलासुद्धा नाही. मी पूर्वी काय काम करायचे ते त्यांनी विचारलं, आणि शिवणकाम म्हटल्यावर मला खुर्चीवर बसवून मशीन चालवायला लावलं. मशीन नव्हतं, नुसते पाय हलवायचे. मला हसू आलं. पण पाय लागले की हो चालायला, टाच-चवडा, टाच-चवडा, जुन्या सवयीनं. मग त्यांनी छोटा ढोल मांडीवर ठेवला आणि पायांबरोबर वाजवायला सांगितलं. "पायाला शिकवायचं न्हाय," ते म्हणाले, "आठवण करायची."

उभं राहून वाजवायची वेळ आली तेव्हा माझी खोड निघाली. मी रत्नागिरीकडची. गणपतीत जाखडी नाच बघत वाढलेली. ढोल गळ्यात पडल्याबरोबर हातातून जाखडीचाच ठेका निघाला, आणि जाखडी काही सावकाश चालत नाही. हात पळाले, हातांमागे पाय पळाले, आणि मी तोल जाऊन अंगणात वाळत घातलेल्या जाळ्याकडे निघाले. मास्तरांनी ढोलाचा पट्टा मागून धरला म्हणून वाचले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा गणपती धावतो. आमचा नवरा रमत जातो."

म्हणून त्यांनी मला अगदी सावकाश ठेका दिला. तो मात्र जमला. एका सकाळी ढोल वाजवत मी अंगणातून गल्लीत गेले. पाय नीट पडत होते, मी हरखून गेले होते. तेवढ्यात एक म्हातारी दारात आली आणि तिनं छातीवर क्रूस केला. पुढच्या घरातल्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली. कुणीतरी विचारलं, "कोण गेला?" गल्लीभर माणसं बाहेर आली. तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, की त्यांनी मला शिकवला तो अंत्ययात्रेचा ठेका. त्यांच्या हिशेबी सावकाश ठेका म्हणजे सावकाश ठेका, पण गावात तो फक्त कुणी गेल्यावरच ऐकू यायचा. मास्तर सगळ्यांना ओरडून म्हणाले, "कोण गेला न्हाय! बाई चालते!" मग हसता हसता त्या म्हातारीनं मला घरात नेऊन चहा पाजला. माझी मेल्यावरची हौस जिवंतपणीच फिटली.

दुसऱ्या दिवसापासून लग्नाचा ठेका सुरू झाला, आणि खरं शिकणं तिथं झालं. मास्तर सांगायचे, लग्नाचा बँड दारादारात थांबतो. थांबण्यात लाज नाही. पण परत निघायचं तर पहिला ठोका आधी पडतो, मगच पुढच्याचा पाय उचलतो. "थांबला तर थांबू दे," ते म्हणायचे. "आधी हात, मग पाय." ढोल काही सगळीकडे नेता येत नाही. मग मी पर्सवर, मांडीवर, भाजीच्या पिशवीवर ठोका द्यायला शिकले. पायांकडे बघण्याचं कोडंही तेव्हाच सुटलं. वर्षानुवर्षं ढोल कानाशी घेऊन मास्तरांचे कान जात चालले होते, आणि बँडमध्ये ते पुढच्या माणसाचे पाय बघून ठेका धरत आले होते.

दिवाळीला नीलेश आला. आजार गेला नव्हता, हात थरथरतच होता, आणि मला तोच एक ध्यास होता, याच्यासमोर पडायचं नाही. बाजारात जायला निघालो आणि लिफ्टच्या दारात पाय थांबले. नीलेशनं माझा दंड धरला. मी त्याला हात सोडायला सांगितलं. दार बंद व्हायला लागलं, त्यानं ते पायानं अडवलं. मी पर्सवर ठोका दिला, टाच उचलली आणि आत गेले. खाली उतरेपर्यंत नीलेश लिफ्टमधल्या आरशात माझ्याकडे बघत राहिला. बाजारात उटणं घेताना म्हणाला, "पुण्याचं नंतर बघू." मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दुकानदाराशी भावसुद्धा केला नाही. रात्री आपल्या घरात, आपल्या पलंगावर मी गाढ झोपले.

गंमत बघा, घर सोडायची पाळी मास्तरांवर आली. कान पुरते गेले. मागून येणारी रिक्षा ऐकू येईना, तेव्हा लेकीनं त्यांना वसईला नेलं. मला फार वाईट वाटलं. ते स्वतः मात्र रडले-बिडले नाहीत. निघताना छोटा ढोल माझ्या हवाली केला आणि म्हणाले, "वसईला काय लग्नं होत न्हाय काय?"

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले, एकटी. एका हातात नारळीपाकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात फळांची पिशवी. लेकीनं दार उघडलं. जुनं घर, उंच उंबरा. तिथं पाय थांबले, आणि ठोका द्यायला हात मोकळा नव्हता. लेक म्हणाली, "मावशी, त्यांना काहीच ऐकू येत नाही आता. तुम्ही या ना आत." मी जागची हलेना. मास्तर समोर खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं, आणि खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेरानं एकच ठोका दिला.

मी आत गेले.