अकोल्याच्या बसमधला मद्यार्क

तीस-बत्तीस वर्षं अमरावतीच्या एका शाळेत मी रसायनशास्त्र शिकवलं. हायड्रोजनला मी उद्‌जन म्हणत असे, नायट्रोजनला नत्रवायू, आणि सल्फ्युरिक ॲसिडचं नाव तर माझ्या तोंडून कधी निघालंच नाही. ते कायम गंधकाम्ल. पुस्तकं बदलली, मी बदललो नाही. मुलं माझ्या माघारी मलाच 'गंधकाम्ल' म्हणत. हे मला निरोप समारंभात एका माजी विद्यार्थिनीच्या भाषणातून कळलं. मी सगळ्यांच्या आधी हसलो. लागलं होतं ते दिसू नये म्हणून.

निवृत्तीनंतर जुने शब्द गोळा करायचा नाद लागला. एक जाड वही केली. त्यात मोरचूद, हिराकस, नवसागर, आसव, अरिष्ट असं काय काय निळ्या बॉलपेनने, वळणदार अक्षरात लिहून ठेवलं. 'मद्यार्क' हा त्यातला माझा लाडका. इतका देखणा शब्द असताना लोक स्पिरिट का म्हणतात, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "दुकानात मागितलं तर मिळावं म्हणून."

अकोल्याच्या निवृत्त शिक्षकांच्या एका मंडळाने मला या शब्दांवर बोलायला बोलावलं. नुसतं बोलून काय होणार, म्हणून मी ठरवलं की तिथे स्पिरिटचा दिवा पेटवायचा आणि त्या निळ्या ज्योतीकडे बोट दाखवून म्हणायचं, हा मद्यार्क. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याकडून पाव बाटली स्पिरिट आणलं. बुचाला दोरा गुंडाळला. बाटलीवर कागद चिकटवून 'मद्यार्क' असं ठळक लिहिलं आणि ती पिशवीत वहीशेजारी ठेवून सकाळच्या बसमध्ये बसलो.

बडनेरा मागे पडलं आणि वास सुटला. पुढच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं, जणू वास तिकडूनच येत होता. पण पिशवीतून मांडीवर थेंब पडायला लागले, तेव्हा ते सोंग फार टिकलं नाही.

कंडक्टर आला. "काका, सकाळी सकाळीच?"

"तुमचा गैरसमज होतोय. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही."

"मंग पिशवीत काय हाय?"

मी बाटली काढून दाखवली. त्याने कागद मोठ्याने वाचला. "मद्यार्क. म्हंजे मद्याचा अर्क ना? दारूचीबी दारू."

शब्दाची फोड अगदी बरोबर होती. मी शिकवतानाही अशीच करत असे. मी म्हणालो, "मद्य वेगळं, मद्यार्क वेगळा." मागून कोणीतरी म्हणालं, "चढल्यावर सारं वेगळंच वाटते."

तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाई बोलल्या. सत्तरीच्या असतील, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर डबा. "भाऊ, त्याले सोडा. हा भट्टीचा वास नाही. हा दवाखान्याचा हाय. सुई टोचाच्या आधी लावतेत, तो."

कंडक्टरने पुन्हा वास घेतला आणि मान हलवली. "दवाखान्याचं असो का भट्टीचं. पेट घेते का नाही हे?"

"घेतं," मी म्हणालो.

"मंग गाडीत कावून आनलं?"

ज्वालाग्राही पदार्थ कसे हाताळावेत, हा धडा मी इतकी वर्षं शिकवला होता. मूर्तिजापूरला त्याने मला खाली उतरवलं आणि स्टँडमागच्या मोकळ्या मातीत बाटली रिकामी करायला लावली. तो शेजारी उभा राहून पाहत होता. भला माणूस, गाडी थांबवून ठेवली.

गाडीत परत येऊन वही उघडली, तर पानं निळी झाली होती. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझे सगळे शब्द एकमेकांत मिसळले होते. फक्त 'नवसागर'चा 'सागर' कसाबसा वाचता येत होता.

"तुम्हाला वास कसा ओळखता आला?" मी बाईंना विचारलं.

"अचलपूरच्या वर, पहाडाच्या बाजूनं सासर माहं. घरामागं सासऱ्याची भट्टी होती. आता लेकीकडं चाललो बाळापूरले."

माझ्यातला संग्राहक लगेच जागा झाला. खिशातून पेन्सिल काढली. बाई सांगत गेल्या. मोहाची फुलं पाण्यात सडत घालत, त्याला सडवा म्हणत. नळीतून आधी उतरते ती पहिली धार. तिला काडी लावली की निळी पेटते. "ह्या दारू गाळन्याले तुमी काय म्हंता?" त्यांनी विचारलं.

"ऊर्ध्वपातन."

"एवढं मोठं नाव? बोले-बोलेपर्यंत मडकं उतू जाईन."

मी हसलो आणि पुढे विचारत सुटलो. नळीला काय म्हणत, मडक्याला काय, उरलेल्या चोथ्याला काय. दोन-तीन प्रश्नांनंतर त्या डब्याचं झाकण उगाच घट्ट करू लागल्या. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"भाऊ, तुमाले शब्द पायजेत," त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "मले एक शब्द आठवला का नवऱ्याच्या तोंडाचा वास येते. बावीस वर्सं घेतला तो म्या. मंग नवराच गेला."

मी पेन्सिल खिशात ठेवली. बोरगाव मंजू आलं. मग त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. शेंगदाण्याचे लाडू होते. मी एक घेतला. माझ्या हाताला इतका वास होता की लाडूलाही दवाखान्याची चव आली, पण मी तो पूर्ण खाल्ला. अकोल्याला त्यांची पिशवी बाळापूरच्या गाडीपर्यंत नेऊन दिली. एवढंच सुचलं.

सभागृहात माझं स्वागत करणारे गृहस्थ हार घालायला जवळ आले आणि जरा मागेच थांबले. मी हार त्यांच्या हातातून घेऊन स्वतःच घातला. श्रोते पंधरा-सोळा. ना दिवा, ना वही. मग सकाळपासून जे घडलं तेच सांगत गेलो, कंडक्टरने केलेली शब्दाची फोड आणि मूर्तिजापूरच्या मातीसकट. लोक मनापासून हसले. बाईंच्या भट्टीचे दोन शब्द सांगितले, सडवा आणि पहिली धार, आणि थांबलो.

पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने विचारलं, "दोनच? अजून विचारायचे होते की त्यांना."

"विचारले होते," मी म्हणालो. "तेच चुकलं."

त्यांना उत्तर नीटसं कळलं नसावं. मीही ते समजावून सांगितलं नाही, आणि समजावून न सांगण्याची माझी ती बहुधा पहिलीच वेळ.