सेरेर बाईवर रागवायचं नसतं

सिगा जूफ दोनदा आमच्या वॉर्डातून परिषदेवर निवडून आली, त्यात माझा काही हात नव्हता, असं मी चारचौघांत सांगतो. सेरेर बाईला मत दिलं, असं कबूल करणारा जोला अजून जन्माला यायचाय. आम्ही जोला, ते सेरेर. जमाती दोन, पण मुळात दोन बहिणींची लेकरं म्हणे. म्हणून एकमेकांना गुलाम म्हणायचं, ताटातला घास पळवायचा, बाप काढायचा, आणि समोरच्याने हसायचं. रागावला तो संपला.

ती लग्न होऊन आमच्या गावात, काजेरेत आली तेव्हा तिच्या अंगाला मासळीच्या धुराचा वास होता. अजून आहे. नवरा लवकर गेला, पण ही माहेरी गेली नाही. भट्टीच्या धुरावर बोंगा मासळी सुकवायची आणि गावाला शिव्या घालायची. एका उन्हाळ्यात गावाचा हातपंप मोडला. परिषदेचे साहेब नुसतं "बघू, बघू" करत राहिले. ही मासळीची टोपली घेऊन त्यांच्या कचेरीत पंख्याखाली जाऊन बसली. वासाने साहेब बाहेर, ही आत. आठवडा सरायच्या आत पंप दुरुस्त झाला, आणि पुढच्या निवडणुकीला पक्षाने स्वतःहून तिला तिकीट दिलं.

आमच्याकडे मत म्हणजे काचेची गोटी. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराचं पिंप असतं, हव्या त्या पिंपात गोटी सोडायची, आत घंटा वाजते. मी बाहेर येऊन तिला म्हणालो, "तुझ्या पिंपात नाही टाकली हं."

"भातखाऊ, तुला पिंप दिसलं हेच पुष्कळ झालं," ती म्हणाली.

मग अंसुमाना कुजाबीची नजर आमच्या खाडीवर पडली. हा खासदार, पक्षातला वजनदार माणूस, आमच्यातलाच जोला. त्याला खाडीकाठची भातखाचरं हवी होती, हॉटेल बांधायला. खाचरं बायकांची, सासूकडून सुनेकडे येणारी. पण शब्द गावप्रमुखाचा चालतो, आणि म्हातारा साना जार्जू मशिदीच्या नव्या छपराच्या आश्वासनाने विरघळला होता. राहिली सिगा. तिला निरोप आला, "सभेत गप्प बस, तिकीट तुझंच."

"त्याला सांग," ती म्हणाली, "माझ्या भट्टीवरची मासळीसुद्धा तोंड उघडं ठेवूनच मरते."

पक्षाने माती खाल्ली ती इथेच. सभेला एखादा मांडिंका पाठवला असता तर खाचरं गेलीच होती; ती जमात तिसरी, सेरेर बाईची थट्टा हसून सोसायचं बंधन त्यांना नाही. पण कुजाबीला वाटलं, आपलेच लोक, आपणच जाऊ.

सावरीच्या झाडाखाली तो कडक इस्त्रीचा पांढरा झगा घालून खुर्चीत बसला. बायकांच्या चटईवरून सिगा उठली.

"काय रे गुलामा, मालकीण उभी आणि तू खुर्चीत?"

सगळे हसले. तोही हसला. हसावंच लागतं.

"बस गं मासेखाऊ, घशात काटा अडकेल."

"अडकणार तो तुझ्या घशात! आमची खाचरं गिळायला निघालायस ना? तुझ्या आईने त्याच चिखलात पाठ मोडून घेतली. तिथल्या भातावर हे पोट वाढलं. आता तिच्या लावणीत गोऱ्यांना पोहायला बोलावतोस? आई काय म्हणेल रे, ढेरपोट्या?"

आता हसायची पाळी त्याची होती. तो हसला नाही. ताडकन उठला, खुर्ची मागे पडली. "बास झालं! पोलीस, हिला बाहेर काढा!"

कुणी हललं नाही. पोलीसही जोलाच होता, तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

साना जार्जू काठी टेकत उभा राहिला. "अंसुमाना, तू रागावलास?"

"काका, ही बाई काय बोलली ऐकलंत ना!"

"ती बोलणारच. सेरेर आहे ती. तू रागावलास. आजोबा-पणजोबांनी पाळलं ते तुला जड झालं, मग मला दिलेला शब्द उद्या जड होणार नाही कशावरून? छप्पर राहू दे. आम्ही पावसात भिजत नमाज पढू. खाचरं मिळणार नाहीत."

सिगाचं तिकीट अर्थातच कापलं गेलं. तिला समजावायला आलेल्यांना तिने दारातूनच परत पाठवलं आणि ती अपक्ष उभी राहिली. पक्षाने बाकीच्या गावांत तांदळाची पोती उतरवली आणि सिगा निवडणुकीत पडली. हे सांगतानाही माझ्या डोक्यात तिडीक जाते. आमच्या गावच्या गोट्या कुणाच्या पिंपात पडल्या, ते मात्र विचारू नका.

खाडीकाठच्या खाचरांची कापणी झाल्यावर तिने मला जेवायला हाक मारली. मी अंगणातूनच ओरडलो, "हरलीस ना गं, गुलामे?"

"हरले. हात धू."

तिने मोठं भांडं मधे ठेवलं. वर मासळी, खाली वाफाळता भात. मी घास घेतला. नव्या भाताला वास होता.

"भात चांगलाय. कुठल्या दुकानातून आणलास?"

तिने पळी माझ्या हातावर मारली.

"दुकानातून? अंसुमानाच्या हॉटेलात जेवतोयस, भातखाऊ. सावकाश जेव."