शेवटच्या बहराचं खत

पाटणकरकाकू पेरू हातात आला की लगेच खात नसत. आधी उजेडात फिरवून बघायच्या, अंगठ्याने दाबायच्या, मग कापून वास घ्यायच्या. सरोजिनी नगरच्या बाजारातले फळवाले त्यांना पाहूनच वैतागत. "नुसता युरिया पाजलाय," असं म्हणून त्या रिकामी पिशवी घेऊन पुढे चालू लागायच्या. "अंग वाढलंय, गोडी नाही."

काकू आणि काका आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहत. काकू शेतकी संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. फळझाडांना काय आणि किती खायला द्यावं, हा त्यांचा विषय. मी लग्न होऊन नुकती दिल्लीत आलेली, दिवसभर एकटी. रविवारी त्या मला गुडगावपलीकडे चौधरींच्या बागेत घेऊन जायच्या. वाटेत दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते.

चौधरींचे पेरू मोठे पण पाणचट होते. मंडीत पोचेपर्यंत निम्मे सडायचे. काकूंनी पानं तपासून घेतली आणि युरिया कमी करून कुजलेलं शेणखत वाढवायला, पोटॅश द्यायला, जस्ताची फवारणी करायला सांगितलं. पहिल्या वर्षी फळ लहान आलं. झाडं तर आधीही हिरवीगार होती, अशी चौधरींनी कुरकुर केली. "पेट तो भरा था, चौधरीजी," काकू शांतपणे म्हणाल्या, "पर जो चाहिए था, वो नहीं मिल रहा था."

दुसऱ्या हिवाळ्यात पेरू असे उतरले की चौधरी स्वतः टोपली घेऊन क्वार्टरवर आले. पण तोवर काकांची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. डॉक्टरांनी पोटॅशियमवाली फळं बंद केली होती आणि पेरू त्यात आलाच. घरभर वास सुटला होता. काका पलंगावरून म्हणाले, "एक फोड दे गं. तुझ्या हातचा पेरू आहे."

काकूंनी टोपली तशीच माझ्याकडे खाली पाठवली. त्या फळात काय उतरलंय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? होळीच्या आधी काका गेले. काकू रडल्या नाहीत. तेरावा झाल्यावर ऑफिसला जाऊ लागल्या.

उन्हाळ्यात चौधरींच्या मुलांनी जमीन बिल्डरला दिली. हिवाळ्याचा बहर उतरला की झाडं तोडायची ठरली. आम्ही बागेत गेलो, तर झाडांभोवतीची आळी कोरडी पडून भेगाळली होती. तोडायच्या झाडांना कोण खाऊ घालतं, असं चौधरी ओशाळून म्हणाले.

काकू एका खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. "जानेवाले को भूखा नहीं भेजते, चौधरीजी."

म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. बांधावर बसून त्यांनी माझा हात धरला. "एकच फोड मागितली होती गं त्यांनी," त्या म्हणाल्या आणि काका गेल्यानंतर पहिल्यांदाच रडल्या.

चौधरींना मराठी कळत नव्हतं. पण त्यांनी फावडं उचललं आणि ते पहिलं आळं उकरू लागले.

तो शेवटचा बहर काकूंनी साऱ्या ब्लॉकमध्ये वाटला. निवृत्त झाल्यावर त्या साताऱ्याला भावाकडे गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. मी फोन केला तेव्हा भाऊ सांगत होते, शेवटच्या आजारात ते रोज ताईला विचारायचे, काय खावंसं वाटतंय, सांग, आणतो. काकूंनी काहीच मागितलं नाही.