साळुंकीच्या नावाची बाटली

कान्हूच्या हाताला शीर बरोबर सापडायची. कामशेतच्या पलीकडे, नदीकाठच्या घोड्यांच्या फार्मवर हे सगळ्यांना माहीत होतं. वडिवळ्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीतून तो सोळाव्या वर्षी लीद उचलायला आला आणि लीद उचलता उचलता घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार झाला. घोड्याच्या मानेवर अंगठा दाबायचा, शीर टरारली की सुई आत. जनावर कानसुद्धा हलवायचं नाही. डॉक्टर कोपरकर पुण्याहून आठवड्यातून एकदा यायचे. तेही म्हणायचे, "कान्हू, तू शिकला असतास तर माझी पंचाईत होती."

डॉक्टरांची एक शिस्त होती. कुठल्याही घोड्याला भूल द्यायची, मग ते नुसतं खच्ची करणं का असेना, आदल्या दिवशी त्याचं रक्त पुण्याला तपासायला गेलंच पाहिजे. कान्हूने सकाळी रक्त काढायचं, बाटलीवर नावाची चिठ्ठी डकवायची आणि पॅसेंजरने पुण्याला जाणाऱ्या कारकुनाच्या हाती द्यायची. सहा वर्षांत असल्या चाळीसेक बाटल्या गेल्या असतील, आणि दर वेळी उत्तर एकच, सगळं ठीक. "चांगल्या घोड्याला चांगला म्हणायला पुन्याचा मानूस लागतो व्हय?" हौशीराम मोतद्दार म्हणायचा. कान्हू हसायचा. खरं सांगायचं तर त्यालाही ते पटायचं.

अडुसष्ट साली साळुंकीच्या मांडीत आतल्या बाजूला गाठ आली, ती डॉक्टरांनी कापून काढायचं ठरवलं. कागदावर या घोडीचं भलंमोठं इंग्रजी नाव होतं, पण ते कान्हूच्या जिभेला वळत नव्हतं. साळुंकी आठ दिवसांची असताना तिची आई मेली, तेव्हा कान्हूने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. बायको हिरी म्हणायची, "माजी सवत चार पायांची हाय." चेष्टाच ती, पण दोघांनाही थोडी लागायची.

रक्त काढायच्या सकाळी साळुंकी मलूल होती. चार दिवस तिने दाण्याला धड तोंड लावलं नव्हतं. कान्हूने सुई टोचली तशी ती थरथरली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याची शीर चुकली. दुसऱ्यांदा टोचली तर तिने मान वळवून त्याच्या खांद्यावर टेकली. तिसऱ्यांदा त्याचा हात उचलेना. उद्या हिला कापायची, पोटात अन्न नाही, अंगात आहे नाही ते रक्त उद्या तिलाच लागणार, ते आज बाटलीत कशाला घालवायचं? शेजारच्या खणात तिच्याच वयाची एक धडधाकट घोडी उभी होती. कान्हूने तिचं रक्त काढलं, वर साळुंकीची चिठ्ठी डकवली आणि गाडीची वेळ गाठली. आळसाने केलं असतं तर त्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. मेल्याने हे मायेपोटी केलं.

संध्याकाळी फोन आला, सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली गवत अंथरून साळुंकीला भूल दिली. तिचं डोकं कान्हूच्या मांडीवर होतं. गाठ निम्मी सुटली असेल नसेल, तिचा श्वास लांबत गेला, हिरड्या काळवंडल्या. डॉक्टरांनी हातातलं टाकून होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. अर्ध्या तासाने कान्हूच्या मांडीवर नुसतं ओझं उरलं.

डॉक्टरांनी मग तिचं पोट उघडून पाहिलं. यकृत पिवळं पडलं होतं, बोटाने चुरगळत होतं. "हे रक्तात दिसायला हवं होतं," ते म्हणाले. "दिसलं असतं तर मी हिला भूल दिलीच नसती." कान्हू हातभर अंतरावर उभा होता. बोलायला हवं होतं, पण नोकरी जाईल, खोली जाईल, या भीतीने तो खाली वाकून तिच्या पायांचे दोर सोडू लागला. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. बोललं की साळुंकी आपण मारली हे आपल्याच कानांनी ऐकावं लागलं असतं.

घरी त्याने हिरीला सांगितलं. तिने त्याच्यापुढे ताट सरकवलं. मग म्हणाली, "आता सांगून घोडी उटंल का?"

महिन्याने एक शिंगरू खच्ची करायचं होतं. कान्हू सकाळीच सुई आणि बाटली धुऊन हजर झाला.

"सायेब, रगत काडू ना?"

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. महिन्यात त्यांचा चेहरा पार उतरला होता. "त्या कागदावर विसंबून मी घोडी घालवली. आता डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं."

"काडू द्या की सायेब. मी नीट काडतो."

"तुझ्यात काय खोट आहे? खोट त्या तपासण्यांत आहे. बंद म्हणजे बंद."

कान्हूने तोंड उघडलं. डॉक्टर थांबले, त्याच्याकडे बघत राहिले. शिंगराने पाय आपटला, आणि कान्हू खाली मान घालून दोर धरायला गेला.

त्यानंतर फार्मवरून पुण्याला बाटली गेली नाही. कान्हू आणखी नऊ वर्षं कामावर होता. भूल दिलेल्या प्रत्येक घोड्याचं डोकं तो मांडीवर घ्यायचा आणि जनावर उठेपर्यंत त्याचे श्वास मोजायचा. त्या नऊ वर्षांत दोन घोडे उठले नाहीत. त्यांच्या रक्तात काही दिसलं असतं की नाही, ते कुणी पाहिलंच नव्हतं.